ऑगस्टमध्येच रेड मेपल लाल व्हायला लागलाय, काय करू?

जर्सीची_सावली | २४ ऑगस्ट
नमस्कार मंडळी,
आम्ही अमेरिकेत सेंट्रल न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. नवीन वसाहत आहे, बिल्डरने प्रत्येक घरापुढे एकेक झाड लावून दिलं तेव्हा आमच्या वाट्याला रेड मेपल आला. टॅगवर 'ऑक्टोबर ग्लोरी' लिहिलेलं होतं. आता पंधरा-सोळा फूट असेल. पहिल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता असा काही रंगला की येणारे-जाणारे गाडी हळू करून बघायचे. या वर्षी मात्र ऑगस्टमध्येच शेंड्याकडच्या दोन फांद्या लालभडक झाल्यात. बाकी झाड हिरवं आहे, पण पानं लहान वाटतायत आणि वरच्या बाजूला इतकी विरळ की आरपार आकाश दिसतं.

पाणी म्हणाल तर लॉनचा स्प्रिंकलर दिवसाआड चालतो. खत लॉनवाले मारतात तेच. बुंध्याभोवती दर वसंतात काळं मल्च, म्हणजे लाकडाचा-सालीचा चुरा, भरून जातात. शेजारी म्हणतात खत कमी पडतंय, नवरा म्हणतो पाणी कमी पडतंय, सासूबाई म्हणतात इतके लोक थांबून थांबून बघायचे, दृष्ट लागली.

नवीन झाड आणून लावता येईल हे माहितीये, पण धाकटीच्या जन्माच्या वर्षी लागलेलं झाड आहे, मला हेच जगवायचंय. कुणाला अनुभव?

गुळपोळी | २४ ऑगस्ट
मीठ-मोहऱ्या स्वस्त आहेत, आधी दृष्ट काढून टाका :) बाकी जाणकार सांगतीलच. वाचतेय.

कोलंबसचा_काका | २४ ऑगस्ट
स्प्रिंकलरवर विसंबू नका. स्प्रिंकलर गवतासाठी असतो, वरची दोन इंच माती ओली करतो आणि तेवढंच. झाडाला पाणी सावकाश आणि खोल लागतं. होजपाइप अगदी बारीक धारेवर सोडून बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर ठेवायचा, आठवड्यातून एकदा १० ते १५ गॅलन, आणि दर वेळी जागा बदलायची. पाऊस चांगला झाला त्या आठवड्यात सुट्टी. आमच्याकडे ओहायोत चिकणमाती आहे, तिथे उलटाही प्रकार होतो, रोज पाणी घालून मुळं गुदमरतात. त्यामुळे आधी स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा. सहज गेला तर ओल आहे, अडला तर कोरडी.

पानगळ | २४ ऑगस्ट
पाण्याचं काकांनी बरोबर सांगितलंय. पण रंग अवेळी का येतो तेही समजून घ्या, निदान करायला उपयोग होईल. पानात पिवळा रंग मुळातच असतो, हिरवा उतरला की तो दिसायला लागतो. लाल मात्र मेपल शरद ऋतूत नव्याने तयार करतो. ते अँथोसायनिन, आणि त्यासाठी पानात साखर साठून राहावी लागते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी, पण गोठण्याइतकी नाही, असे दिवस मिळाले की रंग चढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे होणं नैसर्गिक आहे.

ऑगस्टमध्ये एकदोन फांद्याच लाल होतायत याचा अर्थ तिथली पानं लवकर म्हातारी होतायत. एकतर पाणी वरपर्यंत पोचत नाहीये किंवा पानातली साखर खाली उतरायला कुठेतरी अडथळा आहे. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा पानात नसतं, खाली असतं. खोडावर जखम आहे का बघा, गवत कापायच्या ट्रिमरची दोरी लागलेली? रेड मेपलची साल कोवळेपणी फार पातळ असते.

मिसिसागाकर | २४ ऑगस्ट
घाबरवायचं नाहीये पण खोडावर भोकं नाहीत ना तेही बघून घ्या. पेन्सिल आत जाईल एवढं, अगदी गोल. एशियन लाँगहॉर्न्ड बीटल नावाचा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा भुंगा आहे, मेपल त्याचा आवडता. आमच्याकडे कॅनडात, मिसिसागाला, २०१३ मध्ये सापडला आणि पार २०२० पर्यंत आमचा भाग निर्बंधांखाली होता, तोडलेली फांदीसुद्धा बाहेर न्यायची नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरला २००८ मध्ये सापडला तेव्हा तर ३० हजारांहून जास्त झाडं काढावी लागली. अख्खे रस्तेच्या रस्ते बोडके झाले होते.

जर्सीची_सावली | २४ ऑगस्ट
बापरे. आत्ता बाहेर जाऊन टॉर्च मारून बघून आले. भोक एकही नाही. ट्रिमरची जखमही दिसत नाही, पण खरं सांगायचं तर खालचं खोड मल्चमुळे दिसतच नाही. स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला, म्हणजे ओल आहे.

तांबडी_माती | २५ ऑगस्ट
मी रालेला. आमच्या गावात रस्तोरस्ती रेड मेपल आणि निम्मे आजारी. इथे ग्लूमी स्केल नावाची कीड आहे, सालीवर करडे-काळे बारीक फोड आल्यासारखं दिसतं, नखाने खरवडलं की निघतात. डांबर आणि काँक्रीट जितकं जास्त तितकं झाड तापतं, तहानतं आणि ही कीड वाढते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कीटकशास्त्रज्ञांनी त्यावर सोपी युक्ती काढलीय, मला फार आवडते. झाडाच्या जागेपासून चार दिशांना तिरकं २५-२५ पावलं चालायचं आणि किती पावलं डांबरावर, फरशीवर पडली ते मोजायचं. एकूण १०० पावलं होतात, म्हणजे आकडा हीच टक्केवारी. एक तृतीयांशाच्या आत असेल तर रेड मेपल लावा, दोन तृतीयांशाच्या वर असेल तर दुसरं झाड शोधा.

जर्सीत ही कीड आमच्याइतकी नसावी असं वाटतं, पण नव्या वसाहतीत ड्राइव्हवे, फुटपाथ, रस्ता सगळं चिकटून असतं, म्हणून पावलं मोजून बघाच.

चाफेकळी | २५ ऑगस्ट
मी पुण्याहून. धागा वाचून मोह झालाय. ऑनलाइन रेड मेपलच्या बियांची पाकिटं मिळतात, फोटोत तर निळ्या मेपलच्याही आहेत. टेरेसवर मोठ्या कुंडीत येईल का? नाहीतर माझी बहीण डिसेंबरमध्ये बोस्टनहून येतेय, तिलाच चार बिया आणायला सांगते.

बांधावरची_बाभूळ | २५ ऑगस्ट
चाफेकळी, निळा मेपल पृथ्वीवर कुठेच नाही, तेव्हा त्या दुकानदाराकडून काहीच घेऊ नका. आणि बहिणीला बिया आणायला सांगू नका प्लीज. भारतात बाहेरून बी आणायला परवाना आणि तिकडचं रोगमुक्त असल्याचं सर्टिफिकेट लागतं, प्लांट क्वारंटाइनचा २००३ चा आदेश आहे. शिवाय डिसेंबरमध्ये तिला बी मिळणारही नाही. रेड मेपल मार्चच्या आसपास पानं येण्याआधीच फुलतो, लाल बारीक फुलांनी काड्या भरतात, आणि मे-जूनमध्ये पंखवाल्या बिया गळतातसुद्धा. बऱ्याचशा त्याच उन्हाळ्यात रुजतात.
मूळ प्रश्नावर रात्री सविस्तर लिहिते, मला शंका आहे एक.

दख्खनी_वारा | २५ ऑगस्ट
पुण्यात का येणार नाही पण? मी टॅम्पाला होतो, फ्लोरिडात रेड मेपल दलदलीत मस्त वाढतात, तिथे कुठे बर्फ पडतो?

पानगळ | २५ ऑगस्ट
दख्खनी_वारा, मुद्दा चांगला आहे. ही जात न्यूफाउंडलंडपासून फ्लोरिडापर्यंत पसरलीय, पण प्रत्येक ठिकाणचं झाड त्या ठिकाणच्या हवेला पिढ्यानपिढ्या सरावलेलं असतं. उत्तरेकडच्या झाडाला कळ्या फुटायला हिवाळ्यात ठरावीक थंडी लागते, दक्षिण फ्लोरिडातल्या झाडाला तेवढी लागत नाही. उत्तरेचं झाड दक्षिणेत नेलं की वसंतात धड फुटत नाही, रखडतं. आणि समजा फ्लोरिडाचं झाड पुण्यात आणलं, तरी तिकडे दलदल आणि वर्षभर दमट हवा, इकडे ऑक्टोबर ते मे कोरडं. एप्रिलमध्ये टेरेसवरच्या कुंडीत पानांच्या कडा करपून जातील. जगलं तरी तो रंग येणार नाही, आणि ज्यासाठी लावायचं तेच मिळणार नाही.

चाफेकळी | २५ ऑगस्ट
पटलं. मग आपल्याकडे लाल पानांचं काय आहे? पळस-पांगारा नको, ती फुलं झाली.

रानोमाळ | २५ ऑगस्ट
चाफेकळी, कुसुम! ज्याला कोशिंबही म्हणतात. फाल्गुन-चैत्रात कोकणात किंवा मेळघाटात जा, अख्खं झाड कोवळ्या लाल पालवीने पेटलेलं असतं. मेपल मरणारी पानं रंगवतो, कुसुम जन्मणारी. हळूहळू ती पानं तांबूस होतात मग हिरवी. लाखेचे किडे पोसणारं झाड आहे ते, आदिवासी भागात त्याला मान आहे. टेरेसचं झाड मात्र नाही, मोठं होतं, सोसायटीच्या आवारात जागा असेल तर लावा. आणि थंडीत पानगळीआधी लाल होणारं हवं असेल तर देशी बदाम, मुंबई-पुण्यात पावलोपावली आहे, जानेवारीत मान वर करून बघा फक्त.

चाफेकळी | २५ ऑगस्ट
कुसुम ठरलं! सोसायटीच्या मीटिंगला विषय काढते. पार्किंगवरून भांडणं झाली की मग :)

एडिसनची_आत्या | २५ ऑगस्ट
आमचा रेड मेपल तर एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत लालच असतो, जांभळट लाल. त्यात काय आजार असेल असं वाटलं नाही कधी. घर घेतलं तेव्हापासून आहे, एवढं मोठं झाड, खाली गवत उगवत नाही.

बांधावरची_बाभूळ | २५ ऑगस्ट
आत्या, तो बहुतेक क्रिमसन किंग असणार, नॉर्वे मेपलची जात. एक पान देठासकट तोडा आणि देठ दाबून बघा. पांढरा चीक आला तर नॉर्वे मेपल, रेड मेपलच्या देठातून चीक येत नाही. दुसरी खूण म्हणजे रेड मेपलचं पान उन्हाळ्यात हिरवंच असतं, फक्त देठ तांबडा आणि पानाची मागची बाजू पांढरट. नॉर्वे मेपल युरोपातून आलेला आणि इकडच्या रानात बेसुमार पसरतो, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या विक्रीलाच बंदी आहे. तुमचं मोठं झाड तोडा असं म्हणत नाहीये, पण खाली उगवणारी रोपं उपटत चला.

एडिसनची_आत्या | २५ ऑगस्ट
आला गं बाई चीक! बोटाला चिकटला.

बांधावरची_बाभूळ | २५ ऑगस्ट, रात्री
जर्सीची_सावली, आता तुमच्या झाडाबद्दल. मी पेनसिल्व्हेनियात मास्टर गार्डनर (बागकामाचा सल्ला देणारी प्रशिक्षित स्वयंसेवक) म्हणून काम करते, हेल्पलाइनवर अशी झाडं सारखी येतात, आणि मेपल असेल तर माझा पहिला प्रश्न एकच असतो, तुम्हाला बुंध्याचा घेर दिसतो का?

जंगलातलं कुठलंही झाड बघा. खोड जमिनीपाशी आलं की रुंदावतं आणि तिथून मुळं चहूकडे पसरताना दिसतात. तुमचं खोड जर खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं असेल तर ते खोल पुरलं गेलंय. नर्सरीत मुळांच्या गड्ड्यावर आधीच माती चढलेली असते, लावणारे घाईत असतात, खड्डा खोल खणतात, गड्डा तसाच ठेवतात, आणि वर मल्चचा डोंगर. खोडाची साल कोरड्या हवेसाठी बनलेली असते, कायम ओलीत राहिली की कुजते. आणि श्वास घ्यायला मुळं वर यायला बघतात, त्या मऊ मल्चमध्ये शिरतात आणि खोडाभोवतीच गोल गोल फिरतात. खोड जाड होत जातं, मूळही जाड होत जातं, आणि एक दिवस मूळ खोडाला आवळतं. फास बसतो. पानगळ म्हणाल्या तो अडथळा हाच असू शकतो. पानं लहान होणं, शेंडा विरळ होणं, एका बाजूला अवेळी रंग येणं, सगळं या चित्रात बसतंय. स्क्रूड्रायव्हर सहज गेला म्हणजे पाण्याची कमतरता नाही, उलट जास्तच असेल.

तर आता असं करा. मल्च सगळं हाताने बाजूला करा. मग खुरपीने नाही, लाकडी काठी किंवा जुना चमचा घेऊन खोडाला लागून माती हळू हळू उकरत जा. मुळासारखं बारीक काही लागलं तर तोडू नका, फोटो काढा. खोड रुंद व्हायला लागलं की थांबा आणि ते जमिनीखाली किती इंचांवर आहे ते मोजा. लॉनवाल्यांना खत टाकू नका म्हणून सांगा, विशेषतः तण मारायचं औषध मिसळलेलं. त्यात डायकांबा हे तणनाशक असेल तर तो झाडाची मुळंही ओढून घेतात.

कोलंबसचा_काका | २६ ऑगस्ट
बाभूळ, अनुमोदन. मल्च स्वतः वाईट नाही हेही सांगायला हवं, नाहीतर लोक काढूनच टाकतील. दोन ते तीन इंच जाड, बुंध्यापासून चार-सहा इंच लांब, आणि आडवं जितकं पसरवाल तितकं चांगलं. आपल्याकडे आंब्याला आळं करतो ना, कडेने उंच आणि मधे मोकळं, डोळ्यापुढे तेच ठेवायचं.

स्नोशू_वाला | २६ ऑगस्ट
मी असहमत. आमच्या मिनेसोटात सगळ्यांच्या झाडांना मल्चचा ढीग असतो आणि झाडं उभी आहेत. उगाच बिचाऱ्या मल्चला बदनाम करू नका. मला तर वाटतं ऑक्टोबर ग्लोरी ही जातच नाजूक आहे. आमच्याकडे ती रंगायच्या आत बर्फ पडतो, हिरवी पानंच काळी पडतात. युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाने १९८० मध्ये आणलेला नॉर्थवुड लावा, कटकट नाही.

बांधावरची_बाभूळ | २६ ऑगस्ट
स्नोशू, फास लागलेली झाडं पंधरा-वीस वर्षंसुद्धा उभी राहतात, मग एका वादळात जमिनीलगत मोडतात. उभं आहे म्हणजे ठीक आहे असं नाही. ऑक्टोबर ग्लोरी मिनेसोटासाठी नाही हे मात्र शंभर टक्के बरोबर, ती उशिरा रंगते. जर्सीत तिला काही अडचण नाही, ती जर्सीचीच लेक आहे. प्रिन्स्टन नर्सरीजने १९६१ मध्ये बाजारात आणली. किंग्स्टनला त्या नर्सरीची जुनी जमीन आता मॅपल्टन प्रिझर्व्ह म्हणून राखलीय, सावली, तुम्हाला अर्ध्या तासावर असेल. ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन जाऊन या.

गुळपोळी | २६ ऑगस्ट
अवांतर: याच झाडातून मेपल सिरप निघतं का? माझा लेक पुरणपोळीवर तूप सोडून सिरप घालतो, घरचं झाड असेल तर खर्च वाचेल.

मिसिसागाकर | २६ ऑगस्ट
निघतं. पण शुगर मेपलपेक्षा साखर कमी. शुगर मेपलचं ४० भाग पाणी आटवलं की एक भाग सिरप होतं, रेड मेपलचं आणखी जास्त आटवावं लागतं. शिवाय रेड मेपलच्या कळ्या लवकर फुगतात आणि कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते, म्हणजे हंगामही छोटा. खोडाचा व्यास निदान १० इंच तरी हवा. लेक कॉलेजला जाईल तोवर तूपच घाला, पुरणपोळीवर तेच शोभतं.

शेनंडोआ_शिलेदार | २६ ऑगस्ट
सगळ्यांसाठी एक महत्त्वाचं. कुणाकडे किंवा शेजारी घोडे असतील तर रेड मेपल कुंपणाजवळ नको आणि तोडलेली फांदी तिकडे टाकायची नाही. सुकत आलेली पानं घोड्याने खाल्ली तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, बरेचदा दगावतो. इथे व्हर्जिनियात वादळानंतर आम्ही सगळ्यात आधी कुरणात पडलेल्या मेपलच्या फांद्या उचलतो, मग घराचं छप्पर बघतो.

तांबडी_माती | २६ ऑगस्ट
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

जर्सीची_सावली | ३१ ऑगस्ट
मंडळी, उशीर झाला पण सांगण्यासारखं बरंच आहे.

शनिवारी सकाळी मी आणि नवरा बसलो चमचे घेऊन. मल्चच जवळजवळ आठ इंच निघालं, खालचं तर काळं, चिकट, आंबूस वासाचं झालं होतं. त्याखाली माती, आणि खोड सरळ खाली. अजून चार-पाच इंच उकरल्यावर कुठे रुंद झालं. आणि त्याच्या जरा वर, रस्त्याच्या बाजूला, माझ्या अंगठ्याएवढं एक मूळ खोडाला बिलगून अर्ध्याहून जास्त फेरी मारून गेलेलं. जिथे ते टेकलंय तिथे खोड आत दबलंय, बोट फिरवलं तर खळगा लागतो. त्याच्या बरोब्बर वर बघितलं तर लाल झालेल्या दोन्ही फांद्या त्याच बाजूच्या. मला अक्षरशः रडू आलं. गड्ड्याच्या तारेची जाळी आणि गोणपाटही तसंच होतं, वरून सुतळी खोडाला बांधलेली.

काल सर्टिफाइड आर्बरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, येऊन गेला. त्याने दाबलेल्या हवेच्या नळीने सगळी माती उडवली, मुळांना धक्का न लावता, बघण्यासारखं होतं ते. ते मूळ त्याने छिन्नीने दोन ठिकाणी कापून काढलं. जिथे खोडात रुतलंय तेवढा तुकडा ओढला नाही, साल फाटेल म्हणाला. आणखी दोन बारीक मुळं वळायच्या बेतात होती ती कापली. सुतळी, जाळीचा वरचा भाग, गोणपाट काढलं. खोलीबद्दल म्हणाला की झाड अजून लहान आहे, पण या वर्षी उचलून वर घेण्याइतका जोर त्याच्यात नाही, आजूबाजूची माती उतरती करून घेर मोकळा ठेवू आणि वसंतात पालवी कशी येते त्यावर ठरवू. जगेल का विचारलं तर म्हणाला शक्यता चांगली आहे, साल खाली ओली असली तरी कुजलेली नाहीये.

पावलंही मोजली, तांबडी_माती. ४१ आली. डोकं खाजवायला लावणारा आकडा आहे.

बाभूळताई, तुम्ही रात्री जागून ते लिहिलं नसतं तर मी नक्की खताची गोणी आणली असती. सासूबाईंनी तुमच्यासाठी आशीर्वाद सांगितलाय, आणि दृष्टही काढलीय.

बांधावरची_बाभूळ | ३१ ऑगस्ट
वाचून इतकं बरं वाटलं! लवकर सापडलं हे फार मोठं आहे. आता स्प्रिंकलरचा तो कोपरा बंद करा, काकांनी सांगितलं तसं आठवड्याला एकदाच, तेही माती चाचपून. जमीन गोठेपर्यंत पाणी सुरू ठेवायचं, लोक पानं गळली की थांबतात. उघड्या पडलेल्या सालीला थंडीत ऊन-बर्फाचा मारा बसतो, विशेषतः नैऋत्य बाजूला, तिथे नोव्हेंबरमध्ये पांढरं रॅप गुंडाळा आणि वसंतात आठवणीने काढा. लाल फांद्या आत्ता कापू नका. मे महिन्यात पालवी फुटली नाही तरच.

पानगळ | ३१ ऑगस्ट
आणि हरणं! जर्सीत सप्टेंबरपासून नर हरणं शिंगं घासायला नेमकी याच जाडीची गुळगुळीत खोडं निवडतात, एका रात्रीत साल सोलून टाकतात. जाळी आत्ताच लावा, खोडाला चिकटवून नाही, चार खुंट्या ठोकून लांबून. जाळीचा खालचा काठ जमिनीला टेकलेला हवा, बर्फाखालून उंदीर येतात साल कुरतडायला.

जर्सीची_सावली | ३१ ऑगस्ट
दोन्ही लिहून घेतलं. जाळी आज संध्याकाळीच. आमच्या गल्लीतल्या बाकी घरांचीही झाडं त्याच लोकांनी लावलीत, उद्या चार घरांत जाऊन उकरून दाखवणार आहे. चमचे आमचेच :)

नेपरव्हिलची_नर्मदा | १ सप्टेंबर
धागा पूर्ण वाचला आणि लगेच बाहेर जाऊन बघितलं, आमचा घेर छान दिसतोय. पण आमच्या ऑटम ब्लेझ मेपलची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दोन उन्हाळे चाललंय. हे काय असतं? लोखंडाच्या गोळ्या घालू का?

कोलंबसचा_काका | १ सप्टेंबर
शिकागोच्या बाजूची माती अल्कधर्मी, तिथे मेपलमध्ये हे बहुतेक मँगनीजच्या कमतरतेने होतं, लोखंडाच्या नाही. मातीत मँगनीज असतंही पण पीएच सातच्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. ऑटम ब्लेझ रेड मेपल आणि सिल्व्हर मेपलचा संकर आहे, पण हा दोष त्याच्यातही आलाय. आधी माती तपासून घ्या, गोळ्या नंतर.

बांधावरची_बाभूळ | १ सप्टेंबर
नर्मदा, लाइलचं मॉर्टन आर्बोरेटम (वृक्षोद्यान) तुमच्या दारातच आहे, त्यांच्या प्लांट क्लिनिकला पानांचे फोटो पाठवा. गंधक घालून पीएच उतरवता येतो पण वर्षं लागतात आणि घराच्या पायाचं काँक्रीट जवळ असेल तर तो पुन्हा चढतो. खोडात इंजेक्शन देतात, त्याने दोन-तीन वर्षं पान हिरवं राहतं, मग परत. झाड फार खंगलं नसेल तर मल्च, योग्य पाणी आणि धीर. आणि दुसरं झाड लावायची वेळ आलीच तर हॅकबेरी किंवा केंटकी कॉफीट्री बघा, तुमच्या मातीत निवांत वाढतील.

नेपरव्हिलची_नर्मदा | १ सप्टेंबर
मातीचा नमुना उद्याच काढते. बुंध्यापाशी घ्यायचा की लांब?

बांधावरची_बाभूळ | १ सप्टेंबर
फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत, चार-पाच ठिकाणची, सहा इंच खोलवरची, वरचं मल्च बाजूला सारून. सगळी एकत्र कालवा आणि त्यातली दोन वाट्या पाठवा.